खलनायक खेळाच्या नियमांत लिहा

पहिल्या गेमसाठी खलनायक तयार करायला बसलेली मंडळी बहुधा एकाच ठिकाणाहून सुरुवात करतात. काळा झगा, डोळ्याखाली व्रण, लहानपणी झालेला अन्याय, आणि शेवटच्या लढाईआधी पाच मिनिटांचं भाषण. पडद्यावर यातलं बरंच खपतं, कारण प्रेक्षक हाताची घडी घालून बसलेला असतो. गेममध्ये खेळाडूच्या हातात कंट्रोलर असतो आणि भाषण वगळायचं बटण कुठलं हे त्याला नेमकं ठाऊक असतं.

म्हणून इथली पद्धत उलटी आहे. आधी नियम, मग वागणूक, मग आवाज, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. गाजलेले खलनायक कसे उभे राहिले ते पाहत जाऊ आणि सोबत एक छोटा काल्पनिक गेमही रचत जाऊ, म्हणजे प्रत्येक पायरी कागदावर उतरवता येईल.

आपला गेम असा: दुष्काळी गाव, उन्हाळ्याचे तीस दिवस. खेळाडू म्हणजे सोळा वर्षांची सायली. सायकलला कॅन बांधून ती घरोघरी पाणी पोचवते. गावातली एकच न आटलेली विहीर भाऊसाहेबांची आणि टँकरही त्यांचाच. भाऊसाहेब आपले खलनायक.

पहिली पायरी: त्याला काय हवंय ते एका क्रियापदात सांगा

‘सत्ता हवी’, ‘सूड हवा’ ही उत्तरं चालणार नाहीत, कारण त्यांतून खेळ निघत नाही. त्याची इच्छा अशी हवी की ती पुरी करताना तो खेळाडूच्याच वाटेवर येईल. १९९७च्या ‘फॉलआउट’मधल्या मास्टरला सगळ्या माणसांचं एकाच उत्परिवर्तित जमातीत रूपांतर करायचं आहे. माणसामाणसांत फरकच उरला नाही तर युद्ध उरणार नाही, असा त्याचा हिशेब. अणुयुद्धानं जळालेल्या जगात हा हिशेब ऐकून खेळाडू क्षणभर थबकतो. ‘बायोशॉक’मधल्या (२००७) अँड्र्यू रायनला समुद्रतळाशी असं शहर चालवायचं आहे, जिथं सरकार किंवा धर्म कुणाच्या कमाईवर हक्क सांगणार नाही.

भाऊसाहेबांना विहीर *राखायची* आहे. सायलीला पाणी *वाटायचं* आहे. दोघांचा हात एकाच रहाटावर. एवढं जमलं की पहिली पायरी झाली. पूर्वकथा अजून लिहू नका.

दुसरी पायरी: त्याचं म्हणणं आकड्यांत खरं करून दाखवा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. खलनायकाला गुंतागुंतीचा करायचा म्हणून लेखक त्याच्या तोंडी समर्थनं घालतात. पण गेमचं जग लेखकाच्या आकड्यांवर चालतं. खलनायक म्हणतो ‘लोक लोभी आहेत’ आणि गेममधले सगळे गावकरी गाईसारखे गरीब असतील, तर खेळाडूला कळतं की हा माणूस नुसता बरळतोय. तेच वाक्य खेळाडूच्या डोळ्यांदेखत हिशेबानं खरं ठरलं, तर त्याला उत्तर शोधावं लागतं.

एक स्प्रेडशीट उघडा. विहिरीत सुरुवातीला १०० हंडे पाणी. रोज १२ हंडे झिरपतात. गावात दहा घरं, प्रत्येकाची प्यायची गरज रोज एक हंडा. आता तीन नियम लिहा.

पाणी फुकट असेल, तर सात घरं एकेक हंडा नेतात आणि मोसंबीची बाग असलेली तीन घरं पाच-पाच. रोजचा उपसा २२, आवक १२. दहाव्या दिवशी विहीर कोरडी.

भाऊसाहेबांचा दर असेल, तर सहा घरं विकत घेतात, बागवाले हात आखडता घेतात, आणि चार घरांना परवडत नाही म्हणून ती ओढ्यातल्या डबक्याचं पाणी पितात आणि आजारी पडतात. उपसा ६. उरलेले ६ हंडे रोज टँकरमधून गावाबाहेर विकले जातात. विहिरीची पातळी तीसच्या तीस दिवस तशीच राहते.

तिसरा नियम पाणीपाळीचा. घरटी एक हंडा, बागेला नाही. उपसा १०, विहीर टिकते. पण त्यासाठी सायलीला दहाही घरांचा विश्वास मिळवावा लागतो आणि बागवाली तीन घरं शेवटपर्यंत कुरकुरतात.

आता बघा काय झालं. खेळाडू पहिल्या खेपेला साहजिकच कुलूप तोडून पाणी फुकट करेल. दहाव्या दिवशी विहिरीचा तळ दिसेल. भाऊसाहेब खरं बोलत होते, हे त्याला कुठल्याही संवादावाचून समजेल. आणि टँकरच्या फेऱ्या मोजल्या तर ते सहा हंडेही सापडतील, म्हणजे खरं बोलणारा हा माणूस त्याच खरेपणावर धंदा करतोय. त्याची दूरदृष्टी आणि त्याची हाव एकाच वजाबाकीत बसली. व्यक्तिरेखेचा गुंता म्हणतात तो हाच, आणि त्यासाठी अजून एक ओळही लिहावी लागलेली नाही.

खलनायकाचं म्हणणं खरं करताना त्यात एक भेगही ठेवा, खेळाडूला शोधून काढता येईल अशी. मास्टरच्या बाबतीत ती भेग म्हणजे त्याची नवी जमात वांझ आहे. पुरावा मिळवून त्याच्यापुढे ठेवला तर एकही गोळी न झाडता तो कोसळतो आणि स्वतःचा शेवट करून घेतो. बंदुकीऐवजी अभ्यासानं हरणारा खलनायक अजूनही विरळाच.

तिसरी पायरी: त्याला आणू नका, त्याच्या खुणा आणा

१९९७च्याच ‘फायनल फँटसी ७’मध्ये एक दलदल लागते. तिच्यातला अजस्र साप सुरुवातीच्या खेळाडूला सहज लोळवतो, म्हणून बहुतेक जण पाठलाग चुकवून, चोकोबो नावाच्या पक्ष्यावर बसून पलीकडे पळतात. पलीकडे गेल्यावर तसाच एक साप झाडाला भोसकून टांगलेला दिसतो. ते या गेमचा खलनायक सेफिरॉथ याचं काम. खेळाडूनं त्या सापाची ताकद स्वतःच्या अंगावर मोजलेली असते, म्हणून सेफिरॉथची ताकद वेगळी सांगावी लागत नाही. त्याआधी एका आठवणीच्या प्रसंगात तो आपल्याच बाजूनं लढतो. आपला नायक क्लाउड ड्रॅगनच्या माऱ्यानं आडवा होतो, सेफिरॉथला ओरखडाही उठत नाही, आणि त्याच्यावर आपलं नियंत्रणही नसतं.

यातून घ्यायची रीत सोपी आहे. खेळाडूला आधी एखाद्या अडचणीशी झगडू द्या, मग तीच अडचण खलनायकानं किती सहज सोडवली ते दाखवा. आपल्या गेममध्ये सायली चढावर सायकल ढकलत चार कॅन नेते, पाच मिनिटं घाम गाळते. वर पोचते तर रस्त्यावर ओली चाकोरी. टँकर नुकताच गेलाय आणि गळतीतून तिच्या चार कॅनांपेक्षा जास्त पाणी मातीत मुरलंय. भाऊसाहेब अजून दिसलेले नाहीत. पहिल्या तीन दिवसांत ते दिसूच नयेत असं माझं मत. गावकऱ्यांनी त्यांच्याबद्दल परस्परविरोधी बोलावं: कुणाच्या लग्नाला त्यांनी टँकर फुकट पाठवला, कुणाची म्हैस त्यांच्यामुळे मेली.

चौथी पायरी: नायिकेचं नको, खेळाडूचं काहीतरी न्या

कथेतल्या नायकाचे आईवडील पहिल्याच दृश्यात मारले जातात आणि खेळाडूला काही वाटत नाही, कारण त्याची त्यांच्याशी ओळखच नसते. ‘फायनल फँटसी ७’मध्ये सेफिरॉथ नायकाची सोबतीण एरिथ हिला मारतो; तिचा मृत्यू इतकी वर्षं लोकांना आठवतो तो निव्वळ करुण संगीतामुळे नाही. गेमची पहिली डिस्क संपेपर्यंत खेळाडूनं तिला तासन्‌तास वाढवलेलं असतं, जखमा भरायला तिच्यावर विसंबायची सवय लागलेली असते. पुढच्या लढाईत ती जागा रिकामी दिसते.

तेव्हा यादी करा: खेळाडूनं वेळ कशात घातला? सायलीच्या बाबतीत सायकल, तिला लावलेलं जास्तीचं कॅरियर, पाठ झालेला जवळचा रस्ता, आणि रोज हाक मारणारी एक म्हातारी. भाऊसाहेब तो जवळचा रस्ता काटेरी कुंपण घालून बंद करतात. जमीन त्यांचीच, कायद्यानं बरोबर. खेळाडूचे रोजचे दोन मिनिटं वाढतात आणि त्या दोन मिनिटांत तो त्यांना रोज मनापासून शिव्या घालतो. म्हातारीला हात लावू नका. तो स्वस्तातला मार्ग आहे.

असा हिसका एकदाच द्यावा, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा खेळाडू खलनायकावर न चिडता तुमच्यावर चिडतो.

पाचवी पायरी: वागणुकीतून स्वभाव

१९८० सालच्या ‘पॅकमॅन’मध्ये चार भुतं आहेत आणि चौघांचं डोकं वेगळं. लाल भूत सरळ पाठलाग करतं. गुलाबी भूत तुमच्या पुढच्या चार घरांवर नेम धरून वाट अडवतं. निळं भूत तुमची आणि लाल भुताची जागा मिळून आपला नेम ठरवतं. नारिंगी भूत जवळ येतं, आठ घरांच्या आत पोचलं की माघारी फिरतं. संवाद शून्य, तरी खेळणारा नारिंगी भुताला भित्रं म्हणतो. स्वभाव म्हणजे काय याचा इतका स्वच्छ धडा मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘डार्क सोल्स’मधला (२०११) ग्विन. सुरुवातीच्या चित्रफितीत हा देवांचा राजा विजेचे भाले फेकून ड्रॅगनांचा नायनाट करताना दिसतो. साठ-सत्तर तास खेळून शेवटी त्याच्यापर्यंत पोचावं तर तिथं एक विझत आलेला म्हातारा. वीज गेलेली, हातात जळती तलवार, मागे रणवाद्यांऐवजी हळू पियानो. आणि त्याचे वार नेमक्या क्षणी परतवता येतात, त्या युक्तीपुढे तो इतका दुबळा की कसलेला खेळाडू त्याला मिनिटाभरात संपवतो. अनेकांनी ‘शेवटचा बॉस सोपा निघाला’ म्हणून तक्रार केली. मला तो सोपेपणाच त्या व्यक्तिरेखेचा प्राण वाटतो. राजाची शोकांतिका त्याच्या ताकदीच्या आकड्यात लिहिली आहे.

तुमच्या खलनायकासाठी एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे ‘तो नेहमी काय करतो’, उजवीकडे ‘तो कधीच काय करत नाही’. दुसरा रकाना जास्त मोलाचा. भाऊसाहेब कधीही उधारी ठेवत नाहीत, कधीही खोटं बोलत नाहीत, आणि ताटातला घास कधीही टाकत नाहीत. हे तीन नियम गेममध्ये कुठंच मोडायचे नाहीत, एका प्रसंगाचा अपवाद सोडून. तो प्रसंग कुठला ते शेवटाकडे ठरवू.

आता पूर्वकथा लिहायला हरकत नाही, आणि ती चार ओळींत संपावी. भाऊसाहेब १९७२च्या दुष्काळात लहान होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची, वाट्याला सुकडी आणि मिलो यायचा. गावची विहीर तेव्हा सर्वांना मोकळी होती आणि सर्वांत आधी तीच आटली. हे ते स्वतःहून सायलीला सांगणार नाहीत. ओसरीवर तेव्हाचं एक मजुरीचं कार्ड चौकटीत लावलेलं दिसेल, ज्याला बघायचं तो बघेल. त्यांच्या ताटाचा नियम त्या कार्डाशी कुणी जोडला तर जोडला.

सहावी पायरी: आवाज

खलनायकाचा सहवास खेळाडूला हवासा वाटला पाहिजे. कोकणातल्या दशावतारात संकासुर वेद पळवणारा असुर म्हणून येतो, पण मालवणीत असा काही टोले लगावतो की लोक त्याचीच वाट बघतात. ‘पोर्टल’मधली (२००७) ग्लॅडॉस हे यंत्र त्याच जातीचं. प्रयोगशाळेतल्या उद्घोषणेच्या गोड, अलिप्त स्वरात ती तुम्हाला केकचं आमिष दाखवते, तुमच्या सुरक्षेची हमी देते आणि हळूहळू त्या हमीला चिरा जातात. तिच्या सांगण्यावरून एक निर्जीव ठोकळा सोबत वागवायचा आणि मग तिच्याच सांगण्यावरून भट्टीत टाकायचा. विनोद म्हणून घडलेली ही गोष्ट पुढे उपयोगी पडते, कारण शेवटी तिला हरवायची रीतही तीच: तिचे सुटे भाग भट्टीत टाकणं. खलनायिकेनं स्वतःच खेळाडूला आपल्या मरणाचा सराव करून दिला.

लिहिताना पाळायच्या काही गोष्टी. खेळाडूचे हात रिकामे नसतात तेव्हा संवाद आठ-दहा शब्दांपुढे जाऊ देऊ नका. धमकी आणि चौकशी यांत चौकशी निवडा. भाऊसाहेब ‘तुला बघून घेईन’ म्हणाले की ते मराठी सिनेमातले पाटील झाले. त्याऐवजी:

“पोरी, मागच्या चाकात हवा कमी आहे. चढावर जड जाईल.”

खेळाडू थांबून बघतो, हवा खरंच कमी असते. म्हणजे हा माणूस आपल्याकडे किती बारकाईनं बघतोय! सायलीनंही त्यांना ‘अहो भाऊसाहेब’ असंच म्हणत राहावं, कुलूप तोडल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा. गावात भांडण असं मान राखूनच चालतं आणि त्यामुळेच ते बोचतं. लिहिलेला प्रत्येक संवाद मोठ्यानं वाचा. वाचताना तुमचाच आवाज नाटकी झाला तर ती ओळ काढा.

सातवी पायरी: त्याला आठवू द्या

२०१४च्या ‘मिडल-अर्थ: शॅडो ऑफ मॉर्डॉर’मध्ये तुम्हाला मारणारा साधा ऑर्क (राक्षसी जमातीचा) सैनिक बढती मिळवतो आणि पुढच्या भेटीत त्या मरणाची आठवण काढून डिवचतो. जाळून सोडलात तर भाजलेला चेहरा घेऊन परत येतो. लेखकानं न लिहिलेला, प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा शत्रू. या व्यवस्थेचं पेटंट २०२१ मध्ये वॉर्नर ब्रदर्सला मिळालं, तेव्हा ती जशीच्या तशी उचलू नका. नुसती आठवण ठेवणं ही मात्र जुनी युक्ती आहे. ‘मेटल गिअर सॉलिड’मधला (१९९८) सायको मँटिस तुमचं मेमरी कार्ड वाचून तुम्ही दुसरे कुठले गेम खेळता ते सांगायचा. ‘अंडरटेल’मधला (२०१५) फ्लावी तर त्याहून पुढचा. एखाद्याला मारून, पस्तावून, गेम पुन्हा सुरू करून त्याला वाचवलंत, तरी फ्लावीला पहिली खेप ठाऊक असते.

छोट्या गेमला पाच-सहा नोंदी पुरतात. सायलीनं कुलूप तोडलं का? किती वेळा चोरून पाणी नेलं? म्हातारीकडे कधी चुकली? भाऊसाहेबांचा चहा घेतला की नाकारला? प्रत्येक नोंदीला एकच ओळ जोडा आणि ती लगेच वापरू नका. चौथ्या दिवशी नाकारलेल्या चहाचा उल्लेख एकविसाव्या दिवशी आला पाहिजे.

आठवी पायरी: शेवटची गाठ

चांगले खलनायक बिघडतात ते इथं. ‘बायोशॉक’मध्ये रायनचा शेवट अंगावर येतो. खेळाडू इतका वेळ आपल्या मर्जीनं चालतोय असं समजत होता, आणि त्याच क्षणी नियंत्रण त्याच्या हातून काढून घेतलं जातं. आज्ञा पाळणं हा गेमचा साधा नियम, तोच आरोप होऊन परत येतो. त्यानंतर मात्र गेम बराच काळ चालू राहतो आणि खरा सूत्रधार फॉन्टेन शेवटी फुगलेल्या स्नायूंचा राक्षस होऊन समोर ठाकतो. धूर्त माणसाला कुस्तीत उतरवलं, संपलं. ‘फार क्राय ३’मधला (२०१२) वास नावाचा खलनायक पोस्टरवर मिरवला आणि गेम संपण्याच्या बराच आधी मेला. त्याच्यानंतरचा होयट किती जणांना आठवतो?

शेवटची गाठ खलनायकाच्या मुख्य बळाशी व्हावी. बळ बुद्धीचं असेल तर बुद्धीशी, नात्याचं असेल तर नात्याशी. ‘मेटल गिअर सॉलिड ३’मध्ये (२००४) गुरूला हरवल्यावर चित्रफीत सुरू आहे असं वाटतं आणि ती थांबून राहते. गोळी खेळाडूनं स्वतः बटण दाबून झाडायची असते. तोपर्यंत गेम वाट बघतो.

भाऊसाहेबांशी मारामारी निरर्थक. त्यांचं बळ वहीत आहे. तिसाव्या दिवशी सायली ओसरीवर वही घेऊन बसते आणि खेळाडूला स्वतः महिन्याचा हिशेब मांडावा लागतो: किती झिरपलं, किती उपसलं, गावात किती, बाहेर किती. बेरीज चुकली तर ते शांतपणे दुरुस्त करतात, कारण ते खोटं बोलत नाहीत. बेरीज बरोबर आली तर रोजचे ते सहा हंडे त्यांच्याच वहीत उघडे पडतात. आणि ‘कधीच नाही’चा नियम मोडायचा तो इथं. भाऊसाहेब पहिल्यांदा खोटं बोलतात.

नववी पायरी: दुसऱ्यांच्या हातात द्या

कला, संगीत, चेहरा यांच्याआधी हे करा. चौकोन आणि आकड्यांचा कच्चा नमुना पाच-सहा जणांना खेळायला द्या आणि मागे गप्प उभे राहा. ‘खलनायक आवडला का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारायचे प्रश्न वेगळे: तुझ्याकडून त्यानं काय घेतलं? त्याचं कुठलं म्हणणं तुला पटलं? तू त्याच्या जागी असतास तर विहिरीचं काय केलं असतंस? तिसऱ्या प्रश्नावर लोक आपसांत वाद घालू लागले तर नियम बसलेत, आता चित्रकाराला बोलवा. सगळ्यांचं उत्तर एकसारखं आलं तर संवादांना हात न लावता स्प्रेडशीटकडे परत जा. बहुधा फुकट पाणी पुरेसं लवकर आटत नसतं, नाहीतर पाणीपाळी फार सहज जमत असते. झिरपा बारावरून अकरावर आणा आणि पुन्हा खेळायला द्या.